बाटलीच्या तळाचा गाळ

माझी बायको साळू गेली ते मला नारायणगावात, चांगदेवच्या परमिट रूमच्या मागच्या दारात कळलं. मी तिथे रिकाम्या बाटल्या न्यायला गेलो होतो. माघ संपत आला होता. ऊन तापायच्या आत शेवटचं मडकं बाटल्यांत भरून घ्यायचं असं तिने ठरवलं होतं. सकाळी मी जीपकडे निघालो तेव्हा ती ओट्यावरून म्हणाली होती, "तोंडाचा टवका उडालेल्या आणू नका. बूच बसत न्हाई."

पोतं अर्धं भरलं होतं तेव्हा चांगदेव आतून आला. कळंबहून माझ्या पुतण्याने त्याच्या काउंटरवर फोन लावला होता, कारण बुधवारी माझी सुट्टी असते आणि सुट्टीला मी कुठे सापडतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं. चांगदेव बडबड्या माणूस. तो नुसता उभा राहिला.

"कुंडलिकभाऊ, पोतं ठिव खाली."

"थांब की, एवढं क्रेट बघतो."

"ठिव म्हनतो ना. चल, मी गाडी काढतो."

गाडीत त्याने सांगितलं. साळू न्हाणीत पडली होती. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलंय? तो म्हणाला, "न्यायचं काय राहिलं न्हाई, भाऊ." कळंबला उतरल्यावर पाहिलं तर एक बाटली माझ्या हातातच राहिली होती. ती मी तशीच घरात घेऊन गेलो. दारात बसलेल्या बायकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

ही बाटल्यांची भानगड आधी सांगायला हवी.

मी नारायणगावजवळच्या एका वाईनच्या कंपनीत फिटर आहे. थंड करायच्या टाक्या आणि पंप माझ्याकडे असतात. शहाण्णव साली एक यंत्र बसवायला जर्मनीहून एक म्हातारा इंजिनिअर आला आणि द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत राहिला. वाईनच्या कंपनीत राहूनही त्याला वाईन आवडत नव्हती. त्याला बिअर लागायची. चांगदेवकडची बाटली मी त्याला आणून दिली की तो ती प्यायचा आणि म्हणायचा, "थंड पाणी." त्याच्या गावात म्हणे प्रत्येक गल्लीची आपली बिअर, आणि कुणाची चांगली यावरून लोक भांडायचे. शेवटी तो म्हणाला, मीच करतो, फक्त मोड आणून वाळवलेले सातू पाहिजेत. ते कुठे मिळणार? मी घरी येऊन साळूला सांगितलं. तिला हसू आलं. "पोराला नाचणीचं सत्त्व करून घालत व्हते तसंच की. त्यात काय हाय?"

तिने सातू भिजवले, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, वाळवले, तव्यावर नुसते शेकवले. साहेबाने ते दाताखाली धरून पाहिले आणि तिला वाकून नमस्कार केला. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. बिअरला कडवटपणा यायला त्याला जे झाड लागत होतं ते इथे नाही. तिने काडेचिराईत सुचवलं. ताप आला की त्याचाच काढा देतात, कडू म्हणजे कडू. साहेब आधी नको म्हणाला. मग चाखून गप्प बसला.

जाताना तो उरलेलं खमीर तिच्याकडे ठेवून गेला. बाटलीभर पांढरट गाळ होता. ती त्याला विरजण म्हणायची आणि वागवायचीही तसंच. देवळीत एका चिनी मातीच्या बरणीत ते असायचं. प्रत्येक मडक्याच्या तळाचा चमचाभर गाळ त्या बरणीत परत जायचा. उन्हाळ्यात मडकं आंबट व्हायचं म्हणून ती फक्त थंडीत करायची. उन्हाळाभर बरणी रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत पुरलेली असायची आणि मधून मधून तिला सातूचं पाणी मिळायचं. अशी आठ-नऊ वर्षं गेली. साहेबाचं खमीर कुठल्या कुठे गेलं असेल. उरलं ते आमच्या घरातलं, आमच्या हवेतलं.

हे कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे. आम्ही कधी विकली नाही. चार माणसांपुरतीच होती.

ती चार माणसं बुधवारी चांगदेवच्या मागच्या खोलीत बसायची. चांगदेव, मी, पारगावच्या कारखान्यावर उसाचा ट्रक चालवणारा सावळेराम, आणि रमणलाल. रमणलाल जैन, पिढीजात किराणा आणि औषधी जिन्नस विकणारे. सातू आणि चिराईत त्यांच्याच दुकानातून यायचं. ते लिंबू सोडा घेऊन बसायचे. "माल मी देतो. त्याचं काय करता ते मला सांगू नका," असं म्हणायचे आणि सगळं ऐकायचे. कधी मी ग्लास पुढे केला तर हात जोडायचे. "यात जीव असतात, कुंडलिकराव. आमच्यात चालत नाही." यावर आम्ही हसायचो.

भांडण व्हायचं ते सावळेरामचं आणि माझं. त्याला बिअर कंपनीची विकतची बाटली लागायची. बर्फात घातलेली, एकाच छापाची, दुसरी दिली तर ढकलून द्यायचा. साळूची बिअर गढूळ, तळाला गाळ, फेसाळ. तो म्हणायचा, "आरं, ह्यात मासं सोडलं तर जगतील."

"जगतील ना? तुझ्या बाटलीत जगतील का?"

"माझी काचंसारखी सोच्छ हाय. पल्याडचा मानूस दिसतो तिच्यातून."

एकदा चांगदेवने त्याची परीक्षा घेतली. तीन कंपन्यांची बिअर तीन स्टीलच्या पेल्यांत ओतली, पेले फिरवले आणि म्हणाला, "सांग तुझी कुठली." सावळेरामने एक पेला उचलून छातीवर हात मारला. चुकला. पुन्हा पेले फिरवले. पुन्हा चुकला. मग मी चाखून पाहिल्या, तर मलाही सांगता येईना. चांगदेव हसून हसून खाली बसला. मला वाटलं, आता सावळेराम हरला.

तो शांतपणे शेंगदाणे सोलत म्हणाला, "मंग त्यात काय झालं? त्येच पायजे मला. नाशकात पिली तरी तीच, सोलापुरात पिली तरी तीच. ड्रायव्हरला रस्ता रोज नवा असतो राव. निदान बाटली तरी वळखीची पायजे."

घरी आल्यावर मी हे साळूला सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "बरोबर बोलतो त्यो. माझी कुठं दोनदा सारखी व्हती?" ते खरं होतं. कधी पिकल्या केळाचा वास यायचा, कधी भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा, कधी नुसतीच कडू. ती स्वतः घोटभर घ्यायची, आमटीचं मीठ बघावं तशी. जीभ टाळूला लावायची आणि एवढंच म्हणायची, "ह्या वक्ताला अशी झाली." चांगली की वाईट ते कधी म्हणाली नाही.

ती गेली तेव्हा ओट्याखाली मडकं भरलेलं होतं. त्या दिवशी बाटल्यांत भरायचं होतं ते. सुतकात मी त्याला हात लावला नाही. घरात माणसं होती, मुलगा अमृत भोसरीहून येऊन राहिला होता, आणि असल्या घरात बिअर भरत बसणं मलाच बरं वाटेना. मनाशी म्हटलं, मडकं गेलं तर जाऊ दे, बरणी आहे.

दहाव्याला आम्ही पुरुष घोडनदीवर गेलो. घरी भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घर धुऊन काढलं. पाण्याची भांडी रिकामी केली, अंथरुणं धुतली, सारवण केलं. मी परत आलो तर ओट्याखाली मडकं नव्हतं. देवळीत बरणी घासून पालथी घातलेली होती.

माझी थोरली भावजय प्रयागबाई पदराला हात पुसत होती. मी विचारलं, "वैनी, बरणीत होतं ते?"

"ते व्हय? नासलं व्हतं भाऊजी. आंबूस वास मारत व्हता. समदं उकिरड्यावर वतलं. सुतकातलं काय ठिवायचं असतं का घरात?" मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आन खरं सांगू का? म्हटलं, आता ती न्हाई, तुमी एकलं. घरात ते नगंच."

तिचं काही चुकलं नाही. साळू तिच्या जागी असती आणि दुसऱ्या कुणाच्या घरात असती, तर तिनेही तेच केलं असतं. सुतकाचं पाणी ठेवत नाहीत, दही ठेवत नाहीत. मी "बरं" म्हणालो आणि मागच्या अंगाला गेलो. उकिरड्यावर राख आणि शेण होतं, त्यात एका जागी फेस उठत होता. मडक्यातलं खमीर अजून काम करत होतं. कोंबड्या तिथे टोचत होत्या. मी त्यांना हाकललं. मग हाकलून काय करायचं ते कळेना, म्हणून तिथेच उभा राहिलो. अमृत येऊन म्हणाला, "आण्णा, पंगत थांबलीय."

पुढच्या एका बुधवारी मी चांगदेवकडे गेलो. घरात बसवत नव्हतं. चांगदेवने मला न विचारता कंपनीची एक बाटली उघडून समोर ठेवली. मी प्यायलो. थंड होती, बरी वाटली. मग मी बरणीचं सांगितलं.

चांगदेव म्हणाला, "तुज्या कंपनीत खमिराची पाकिटं असत्यात ना? आन की एक."

"असतात."

"मंग?"

मला नीट सांगता येईना. पाकिटाने बिअर होईल. डेअरीतून विरजण आणून दहीही लागतंच. पण आमच्या घरचं विरजण संपलं तर साळू प्रयागबाईकडून आणायची, आणि तिचं संपलं की ती आमच्याकडून न्यायची. मूळ कुणाच्या घरचं ते कुणालाच सांगता आलं नसतं. माझी आई गेली, माझा भाऊ गेला, पण दही तेच चालू राहिलं. बरणीतलंही तसंच होतं. तिच्या हातातून गेलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं घरात तेवढंच होतं. तिची लुगडी होती, पण लुगडं जिवंत नसतं. मी असं काहीतरी तुटक तुटक बोललो.

रमणलाल सोड्याची बाटली बाजूला ठेवून म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगतोय, त्यात जीव आहे. तुम्ही हसत होता."

कुणी हसलं नाही.

मग रमणलालच म्हणाले, "बाटलीच्या तळाला जो गाळ बसतो, तोही तेच ना?"

"तेच."

"मग कुणाकडे न उघडलेली बाटली असेल तर बघा की."

चांगदेवने कपाळाला हात लावला. साळू हिवाळ्यात प्रत्येक मडक्यातल्या बाटल्या वाटायची. त्याच्या वाट्याच्या त्याने त्याच आठवड्यात संपवल्या होत्या आणि धुऊन क्रेटमध्ये टाकल्या होत्या. माझ्या मी संपवल्या होत्या. कुणी कशाला ठेवील? चांगली बिअर ठेवतं कोण?

तेव्हा मला साळूचं एक बोलणं आठवलं. संक्रांतीच्या सुमारास सावळेराम घरी आला होता, बाटल्या घेऊन गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "मागची लई भारी झालती वैनी." तो गेल्यावर साळू म्हणाली, "ह्यो माझी पीत न्हाई."

"अगं, भारी म्हणाला की."

"पिलेला मानूस आदी तोंड वाकडं करतो. चिराईत हाय त्यात. ह्याचं तोंड येकदा बी वाकडं झालं न्हाई."

"मग देतेस कशाला?"

"समद्यांना द्यायची आन त्याला न्हाई, बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पारगावला गेलो. गाळप चालू होतं. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि सगळीकडे मळीचा वास होता. सावळेराम ट्रकच्या सावलीत घोंगडी टाकून पडला होता. दहाव्याला तो नदीवर आला होता, पण तेव्हा आमचं बोलणं झालं नव्हतं. मला बघून तो घाईने उठला.

"ये ये. च्या सांगू का?"

"नको. एक विचारायचंय. साळूने संक्रांतीला दिलेल्या बाटल्या आहेत का तुझ्याकडे?"

"पिलो की! तवाच पिलो. लई भारी व्हत्या."

"सावळेराम."

"आईच्यान. तवाच."

"सगळ्या?"

"समद्या. वैनीच्या हातची, ती काय ठिवून देतो का मी?"

मी त्याच्या घोंगडीवर बसलो. म्हटलं, "तू पीत नव्हतास हे तिला माहीत होतं."

तो बघतच राहिला. कान लाल झाले. एवढा दांडगा माणूस, टायर एकट्याने बदलणारा, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा दिसायला लागला. "वैनीला म्हाईत व्हतं?"

"होतं. तरी देत होती."

"आरं तिच्या..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "मला ती जमत न्हाई रं. कडू लागती. पर वैनी पुढं करायची, नगं कसं म्हनू? तोडनीच्या टोळीतल्या लोकांना द्यायचो. त्यांना लई आवडायची, खोटं न्हाई. येकदा दोन क्याबिनमदी फुटल्या गरमीनं, समदा शीटचा चिखल. तवापासून घरीच ठिवायला लागलो."

"आता आहे का एखादी?"

"का रं? काय झालं?"

मी बरणीचं सांगितलं. तो ऐकत होता तोवर रांग पुढे सरकली, मागच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सावळेराम त्याला ओरडला, "थांब की लेका, साखर पळून चालली का!" मग क्लीनरला ट्रक पुढे घ्यायला सांगून तो माझ्याबरोबर चालत निघाला. घर जवळच होतं.

बाटली ज्वारीच्या कोठीत होती. त्याने दंडापर्यंत हात घालून चाचपली आणि बाहेर काढली. एकच होती. बाकीच्या टोळीने नेल्या होत्या. कंपनीचंच लेबल अर्धं निघालेलं, वर साळूने दाबलेलं बूच. भंगारातलं बूच दाबायचं यंत्र मी दुरुस्त करून दिलं होतं तिला. त्याची एक बाजू कमी दाबायची, म्हणून ती बूच फिरवून दुसऱ्यांदा दाबायची. त्या दुसऱ्या दाबाचा वळ बुचावर दिसत होता. उजेडात धरली तर वरची बिअर आता अगदी स्वच्छ झाली होती, सावळेरामला आवडते तशी. तळाला बोटभर पांढरा थर होता.

सावळेराम वाकून तो थर बघत म्हणाला, "ह्यालाच मी मासं सोडा म्हनत व्हतो व्हय?"

"ह्यालाच."

"जितं असंल का?"

"माहीत नाही. उघडल्यावर कळेल."

"मंग उघड की."

मी त्याला समजावून सांगितलं. नुसती उघडून भागत नाही. आधी सातूला मोड आणायचे, वाळवायचे, पाणी काढायचं, उकळून गार करायचं, आणि मगच बाटली उघडून तळ त्यात सोडायचा. खमिराला खायला तयार पाहिजे. आणि आता फाल्गुन. पुढे उन्हाळा. केली तर आंबणार. थंडीपर्यंत थांबावं लागेल.

तो म्हणाला, "मोड तुला येत्यात का आनता?"

"बघितलेत मी. ओल्या फडक्याला काकडीसारखा वास आला की थांबायचं म्हणायची."

"काकडी कवळी का जून?"

हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"बरं, आसू दे," सावळेराम म्हणाला. "व्हईल तशी व्हईल. वैनीची न्हाई व्हनार, तुजी व्हईल. पर पयली बाटली मी पिनार. ह्या वक्ताला खरंच पिनार. तोंड वाकडं झालं तर बोलू नको."

बाटली मी मांडीवर धरून जीपने आणली. शेजारचा विचारत होता, पावणं, देवाचं तीर्थ हाय का काय? मी हो म्हणालो. घरी रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ती उभी पुरली, साळू बरणी पुरायची त्याच जागी. प्रयागबाईला सांगितलं, वैनी, ह्याला हात लावू नका. मग उन्हाळाभर मी कामावर असताना तिनेच दुपारी येऊन वाळूवर पाणी शिंपडलं. आत काय आहे ते तिने विचारलं नाही.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. बुधवारी आम्ही बसतो. सावळेराम त्याची बर्फातली बाटली पितो, आता मीही तीच पितो. आमचं भांडण होत नाही. त्या बाटलीवर माझा राग नाही. सावळेराम म्हणतो तसं, ती ओळखीची असते. कुणाच्या हातची नसल्यामुळे ती कुणाबरोबर जातही नाही. पण ती पिताना "ह्या वक्ताला अशी झाली" असं म्हणायची सोय नाही, आणि मला ते वाक्य ऐकायची सवय होती.

दिवाळी झाल्यावर रमणलालनी न मागता सातू पाठवले आणि पुडीत काडेचिराईत. मागच्या बुधवारी सावळेरामने विचारलं, "काय, घातलं का भिजत?" मी म्हटलं, थंडी पडू दे जरा.

थंडी पडली आहे. सकाळी नदीवर धुकं असतं, द्राक्षांच्या बागांवाले शेकोट्या करू लागलेत. बाटली वाळूतून काढून मी काल उजेडात धरून पाहिली. थर आहे. जिवंत असेल तर असेल, आणि नसेल तर तेही उघडल्यावरच कळेल. जोवर उघडत नाही तोवर ती मेलेली नाही, एवढं मला कळतं. आणि असंच नुसतं ठेवून ठेवून ती मरेल, तेही कळतं. मडकं धुऊन ठेवलं आहे. फडकं साळूच्याच जुन्या लुगड्याचं आहे, प्रयागबाईने उकळून दिलं.

सातूचं पोतं दाराआड उभं आहे. सातू अजून भिजत घातलेले नाहीत.